लहानपणीची वस्ती मोठेपणी किती उरते?

प्रश्न एका जोडप्याचा आहे. त्यांचं घर बदलायचं घाटतंय. धाकटा मुलगा सात वर्षांचा, थोरली मुलगी चौदाची. बायकोचं म्हणणं, मुलं ज्या वस्तीत वाढतात तशीच होतात, तेव्हा जायचं तर आत्ताच जाऊ. नवऱ्याचं म्हणणं, मुलं घरात घडतात, गल्लीत नाही. मी याहून वाईट वस्तीत वाढलो, माझं काय बिघडलं? यात कोण बरोबर, आणि वस्तीचा परिणाम होत असेल तर तो नेमका होतो कसा, असं दोघांनी विचारलंय.

मुलांचं आणि त्यांच्या आईवडिलांचं समुपदेशन करण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत, आणि हा वाद मी वेगवेगळ्या घरांकडून ऐकला आहे. थोडक्यात सांगायचं तर परिणाम होतो, पण तो वस्तीच्या नावाचा होत नाही. मूल रोज जेवढं फिरतं तेवढ्या टापूचा, तिथल्या माणसांचा आणि तिथे काढलेल्या वर्षांचा होतो. आता सविस्तर.

आधी नवऱ्याचा मुद्दा घेते, कारण तो वाटतो तितका कच्चा नाही. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, असं आपण सहज म्हणून टाकतो. पण माणसं काही गोठ्यात बांधलेली नसतात. ती वस्ती निवडतात, नाहीतर परवडेल तिथे जातात. पैसा, शिक्षण, ओळखीपाळखी असलेली कुटुंबं एका भागात गोळा होतात, आणि त्यांची मुलं पुढे चांगली निघाली की श्रेय भागाला मिळतं. ‘त्या बाजूची मुलं हुशार असतात’ या वाक्यातला मोठा हिस्सा खरं तर त्या मुलांच्या घरांचा असतो. इथवर नवरा बरोबर. पण याच न्यायाने त्याचा स्वतःचा दाखलाही बाद होतो. ‘माझं काय बिघडलं’ हे सांगायला ज्याचं बिघडलं नाही तोच येतो. तुमच्या बरोबरीचे, त्याच गल्लीतले बाकीचे आज कुठे आहेत, असं मी विचारते तेव्हा दोन-तीन नावं पटकन येतात आणि पुढची आठवायला वेळ लागतो.

घर कुठलं आणि गल्ली कुठली, हा गुंता सोडवायचा तर कुटुंबांच्या नावाने चिठ्ठ्या टाकून त्यांना वेगवेगळ्या वस्त्यांत पाठवावं लागेल. असं कोण करणार, असं वाटतं. पण ते झालेलं आहे. अमेरिकेच्या गृहनिर्माण खात्याने १९९४ ते १९९८ या काळात बाल्टिमोर, बॉस्टन, शिकागो, लॉस एंजलिस आणि न्यू यॉर्क या पाच शहरांत सुमारे ४,६०० कुटुंबांसाठी सोडत काढली. सगळी कुटुंबं अतिशय गरीब भागांतल्या सरकारी घरांत राहणारी. काहींना भाड्यासाठी मदत मिळाली, पण गरिबीचं प्रमाण १० टक्क्यांहून कमी असलेल्या भागातच घर घ्यायचं, या अटीवर. काहींना अशी अट नसलेली मदत मिळाली. काहींना यातलं काहीच मिळालं नाही. कुणाला कुठली संधी मिळणार, हे आईवडिलांच्या हुशारीवर किंवा धडपडीवर ठरलं नाही, नशिबावर ठरलं. म्हणून हा प्रयोग मोलाचा.

सुरुवातीचे निकाल फिके निघाले. मोठ्या माणसांची तब्येत आणि मनःस्थिती सुधारली, पण कमाईत फरक पडला नाही. वस्तीने काही होत नाही असं म्हणणाऱ्यांना जोर चढला. मग त्या वेळची लहान मुलं मोठी होऊन कमवायला लागली. राज चेट्टी, नॅथनियल हेंड्रेन आणि लॉरेन्स कॅट्झ या अर्थशास्त्रज्ञांनी त्यांच्या मिळकती तपासल्या आणि २०१६ मध्ये निष्कर्ष छापले. तेराव्या वर्षाआधी कमी गरिबीच्या वस्तीत गेलेल्या मुलांची विशीतली कमाई, तशाच घरांतल्या पण ही संधी न मिळालेल्या मुलांपेक्षा, सरासरी ३१ टक्क्यांनी जास्त होती. तेरा ओलांडल्यावर गेलेल्यांना फायदा झाला नव्हता, उलट थोडा तोटाच दिसत होता.

घरात एक सात वर्षांचं आणि एक चौदा वर्षांचं मूल असताना हे वाचून पोटात गोळा येणार. जरा थांबा. तेराव्या वाढदिवशी काही संपत नाही. अभ्यासात गट पाडायला कुठलं तरी वय धरावं लागतं, ते हे. चेट्टी आणि हेंड्रेन यांनी आणखी एक, याहून कितीतरी मोठा अभ्यास केला. त्यात एका भागातून दुसऱ्या भागात राहायला गेलेल्या ७० लाखांहून जास्त कुटुंबांच्या नोंदी होत्या. तिथे चित्र जास्त स्पष्ट दिसतं. समजा दोन भागांत लहानाच्या मोठ्या झालेल्या मुलांच्या पुढच्या मिळकतीत काही तफावत आहे. नव्याने आलेलं मूल चांगल्या भागात जितकी वर्षं काढेल, तितकी दर वर्षाला त्या तफावतीतली साधारण ४ टक्के भरून निघते. एकाच आईवडिलांच्या मुलांची तुलना केली तरी हेच दिसलं. येताना जे भावंड लहान होतं त्याच्या पदरात जास्त पडलं. घर तेच, आईवडील तेच, वस्तीतली वर्षं तेवढी वेगळी. संस्कार घरातच होतात या म्हणण्याला याहून थेट उत्तर मला माहीत नाही. वस्ती अंगाला एकदम लागत नाही, मुक्कामाने मुरते.

हे आकडे एका देशाचे आहेत, आणि कमाई मोजली ती मोजता येते म्हणून. चांगला माणूस होणं म्हणजे जास्त कमावणं असं कुणी म्हटलेलं नाही. मला कामात दिसतं ते वेगळंच असतं.

माझ्याकडे येणाऱ्या मुलाला मी पहिल्या एक-दोन भेटींत कोरा कागद देते आणि सांगते, घरापासून शाळेपर्यंतचा रस्ता काढ. चालत फिरणाऱ्या मुलांचे कागद भरून जातात. वाकडातिकडा रस्ता, भुंकणारं कुत्रं, चेंडू हरवतो ते झुडूप, सारखे रागावणाऱ्या आजोबांची खिडकी, ‘इथून पळत जायचं’ अशी टीप. एका नऊ वर्षांच्या मुलाने एका भिंतीवर ठळक फुली मारली होती. हे काय, म्हणून विचारलं तर म्हणाला, ‘इथे मोठी मुलं बसतात. ती चिडवतात. पण सायकलची चेन पडली की बसवून देतात.’ नऊ वर्षांच्या पोराने माणसांबद्दल केवढी गुंतागुंतीची गोष्ट शिकून घेतली होती, आणि ती त्याला ना आईने शिकवली होती ना बाईंनी. गाडीच्या मागच्या सीटवरून जाणारी मुलं कागदाच्या एका टोकाला घर काढतात, दुसऱ्या टोकाला शाळा, आणि मध्ये एक सरळ रेघ. त्या रेघेवर माणूस नसतो. पुष्कळदा ही दोन्ही मुलं एकाच भागात, क्वचित एकाच इमारतीत राहणारी असतात. पत्ता एक, वस्त्या दोन.

या रेघेचे परिणाम मोठेपणी मोजता येतात हे मला अलीकडेपर्यंत खरं वाटलं नसतं. ३८ देशांतल्या जवळजवळ चार लाख लोकांनी मोबाइलवर खेळलेल्या, रस्ता शोधण्याच्या एका खेळाचा अभ्यास २०२२ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात आला. शहराबाहेर वाढलेल्यांना रस्ता जास्त चांगला सापडत होता. शहरात वाढलेल्यांमध्येही, जिथले रस्ते पाटीवर आखलेल्या चौकटींसारखे सरळ, अशा शिकागोसारख्या शहरांतली माणसं मागे पडत होती. प्राग वगैरे जुन्या, वळणावळणांच्या शहरांतल्यांना हा तोटा फारसा नव्हता. आज तुम्ही कुठे राहता यापेक्षा लहानपणी कुठे राहिलात, याचा संबंध जास्त होता. रस्ता शोधण्यासारखं साधं कौशल्य जर गल्लीच्या आकारावर ठरत असेल, तर माणसं ओळखण्याचं कौशल्य गल्लीतल्या माणसांवर ठरत असेल याचं नवल वाटायला नको.

मात्र गल्ली मुलाच्या वाट्याला यायला मूल गल्लीत उतरावं लागतं. इंग्लंडमध्ये १९७१ साली सात-आठ वर्षांच्या मुलांपैकी ८० टक्के मुलं मोठ्यांशिवाय शाळेत जात होती. १९९० पर्यंत हे प्रमाण ९ टक्क्यांवर आलं. एका पिढीत इतकी घसरण. कारण मुख्यतः वाहनं. सॅन फ्रान्सिस्कोत डोनल्ड ॲपलयार्ड या शहररचनाकारांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस एकमेकांसारख्याच तीन रस्त्यांची तुलना केली. एकावरून दिवसाला सुमारे २,००० वाहनं जात, दुसऱ्यावरून ८,०००, तिसऱ्यावरून १६,०००. पहिल्या रस्त्यावरच्या माणसाला त्याच रस्त्यावर सरासरी तीन मित्र होते, तिसऱ्यावरच्याला एकही धड नाही (सरासरी ०.९). रहदारीने शेजार कापला जातो. घर घेताना खोल्या मोजणारे आईवडील दारासमोरची वाहनं कधी मोजत नाहीत, याचं मला कायम आश्चर्य वाटतं.

आता त्या गल्लीत मूल काय उचलतं ते. माझ्या मते सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे आयुष्यात काय काय होता येतं, याची यादी. ती कुणी वाचून दाखवत नाही. शेजारचे काका संध्याकाळी काय करताना दिसतात, वरच्या मजल्यावरची ताई सकाळी कुठल्या कामाला बाहेर पडते, कोपऱ्यावरचा माणूस घड्याळ उघडून दुरुस्त करतो की दिवसभर नुसता बसून असतो, यातून ती यादी बनते. अमेरिकेतल्या संशोधकांबद्दलचा २०१९ चा एक अभ्यास यावर आहे. ज्या भागात एखाद्या तंत्राचे पेटंट घेणारे खूप, तिथे वाढलेली मुलं पुढे नेमक्या त्याच तंत्रात पेटंट घेण्याची शक्यता जास्त. वैद्यकीय उपकरणांच्या कंपन्या असलेल्या मिनीॲपोलिसमध्ये वाढलेली मुलं वैद्यकीय उपकरणांकडे वळलेली दिसतात. आणि मुलींवर परिणाम होतो तो आसपास बायका संशोधक असतील तर. पुरुष संशोधक कितीही असले तरी मुलींच्या बाबतीत त्याचा उपयोग दिसला नाही. नुसती श्रीमंत वस्ती असून हे होत नाही. मुलाला ‘ही आपल्यासारखीच व्यक्ती आहे’ असं वाटेल असं माणूस, कामात असलेलं, रोज दिसावं लागतं.

त्याच धर्तीवर, २०२२ मध्ये चेट्टी आणि सहकाऱ्यांनी फेसबुकवरच्या मैत्रींवरून असं दाखवलं की गरीब घरातल्या मुलांची सुखवस्तू घरांतल्यांशी जिथे मैत्री होते, तिथली गरीब मुलं पुढे जास्त वर येतात. त्यांनी तपासलेल्या सामाजिक संबंधांच्या मोजमापांत हे सगळ्यात वजनदार निघालं. एकाच आवारात राहून मुलं एकमेकांशी खेळत नसतील तर शेजार फक्त कागदावर.

दुसरी गोष्ट रागावणाऱ्या आजोबांची. हसू नका. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट सॅम्पसन आणि सहकाऱ्यांनी शिकागोच्या ३४३ वस्त्यांतल्या ८,७८२ रहिवाशांना विचारलं होतं: शाळा बुडवून मुलं कोपऱ्यावर उभी दिसली, किंवा कुणाची भिंत रंगवताना दिसली, तर तुमचे शेजारी मध्ये पडतील का? मोठ्या माणसाशी उद्धटपणे वागणाऱ्या मुलाला कुणी टोकेल का? हे निष्कर्ष १९९७ मध्ये आले. जिथे ‘हो, पडतील’ असं उत्तर आलं तिथे हिंसा कमी होती, वस्ती गरीब असली तरी. मला हे कामात उलट्या बाजूने दिसतं. ज्या मुलाला लहानपणी चार परकी माणसं नावाने ओळखत होती, टोकत होती, पडल्यावर उचलत होती, ते मूल मोठं झाल्यावर मदत मागताना अडखळत नाही. ज्याला फक्त आईवडील ओळखत होते, त्याचा आईवडिलांशी खटका उडाला की त्याच्याकडे जायला दुसरं दार नसतं. किशोरवयात हा फरक फार महाग पडतो.

यात एक अडचण आहे, आणि ती आईवडिलांना आवडत नाही. शेजाऱ्याने मुलावर लक्ष ठेवावं असं वाटत असेल तर शेजाऱ्याने आपल्या घरात डोकावणंही थोडं सोसावं लागतं. आपल्याला भोचकपणा नको आणि आधार हवा. दोन्ही एकाच दुकानात मिळत नाहीत.

आता नवऱ्याच्या ‘काय बिघडलं’कडे परत येते. माझ्याकडे एक चाळिशीचे गृहस्थ यायचे (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). खुर्ची नेहमी भिंतीला पाठ लावून, दाराकडे तोंड करून घ्यायचे. बाहेर एखादी मोटारसायकल जोरात सुरू झाली की बोलता बोलता मध्येच थांबायचे, ती दूर गेली की त्याच शब्दापासून पुढे सुरू करायचे. थांबलो होतो हे त्यांना माहीतच नसायचं. ते वाढले त्या भागात संध्याकाळची भांडणं सुऱ्यांनी सुटायची आणि मोटारसायकलच्या आवाजावरून आज काय होणार हे मुलांना कळायचं. त्यांच्या घरचं वातावरण अगदी प्रेमळ होतं. मारहाण नाही, दारू नाही. आज ते एका कारखान्यात यंत्रांची देखभाल बघतात आणि बिघाड होण्याआधी आवाजावरून ओळखतात म्हणून तिथे त्यांचं नाव आहे. बायकोची तक्रार मात्र अशी की दहा वर्षांत हा माणूस माझ्याबरोबर कुठे निवांत बसला नाही. एकच सवय पगार मिळवून देत होती आणि संसार खात होती. याला बिघडणं म्हणायचं की घडणं, ते तुम्ही ठरवा.

असं व्हायला डोळ्यांदेखत काही घडावं लागतं असंही नाही. पॅट्रिक शार्की या समाजशास्त्रज्ञांनी २०१० मध्ये दाखवलं की शिकागोत कृष्णवर्णीय मुलाच्या घराजवळ खून झाल्यानंतरच्या आठवड्याच्या आत शब्दज्ञानाची आणि वाचनाची चाचणी घेतली तर गुण घसरतात. तुलना त्याच भागातल्या, पण दुसऱ्या वेळी तपासलेल्या मुलांशी केली होती. मुलाने काही पाहिलेलं असो वा नसो. वस्तीतल्या मोठ्यांचा ताण मुलं त्वचेतून शोषून घेतात.

आवाजाचंही तसंच. न्यू यॉर्कमध्ये महामार्गाच्या थेट वर उभ्या असलेल्या उंच इमारतींतल्या मुलांचा १९७३ मध्ये अभ्यास झाला. खालच्या, गोंगाटाच्या मजल्यांवरच्या मुलांना सारख्या वाटणाऱ्या शब्दांतला फरक ओळखणं वरच्या मजल्यांवरच्या मुलांपेक्षा जड जात होतं, आणि वाचनही मागे होतं. त्याच शहरात उन्नत रेल्वेलगतच्या एका शाळेत, रुळांच्या बाजूच्या वर्गांतली सहावीची मुलं शांत बाजूच्या मुलांपेक्षा वाचनात जवळजवळ वर्षभर मागे होती. रुळांखाली रबर बसवलं, वर्गांच्या छताला आवाज शोषणारं आवरण लावलं, आणि हे अंतर मिटलं. हे उदाहरण मी मुद्दाम सांगते, कारण वस्तीचे सगळेच घाव खोल नसतात. काही रबराने भरतात.

मग घराचं काहीच नाही का? आहे, आणि भरपूर आहे. फिलिप ओरिओपुलोस या अर्थशास्त्रज्ञांनी कॅनडातल्या टोरांटोत सरकारी घरांत वाढलेल्या मुलांचा २००३ मध्ये अभ्यास केला. प्रतीक्षायादीत ज्याच्या वाट्याला जी वसाहत येईल तिथे ती कुटुंबं गेली होती, तेव्हा इथेही निवडीचा प्रश्न बराचसा मिटलेला. पण मोठेपणीची कमाई कुठल्या वसाहतीत वाढलात यावर जवळजवळ ठरतच नव्हती. कुठल्या घरात वाढलात यावर ठरत होती. नवऱ्याने हा अभ्यास वाचला तर तो चौकट करून भिंतीवर लावेल. मी त्याचा अर्थ असा लावते की वस्त्यांमधला फरक एका मर्यादेत असेल तर घर वरचढ ठरतं. फरक टोकाचा असेल तर वस्ती घराला ओढून नेते.

घर आणि गल्ली यांची वाटणी कशी होते, हे बोलण्यात फार छान दिसतं. फिलाडेल्फियाजवळच्या एका उपनगरात बाहेरगावाहून आलेल्या कुटुंबांच्या मुलांची बोली अर्विला पेन या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी तपासली होती. लहान वयात आलेल्या मुलांनी तिथले सुटे उच्चार मित्रांकडून सहज उचलले. पण एका स्वराचा किचकट, अपवादांनी भरलेला नियम मात्र आईवडील तिथलेच असतील तरच मुलांच्या तोंडी पक्का बसला होता. माणसाच्या बाबतीतही मला असंच वाटतं. कपडे, शिव्या, चालण्याची ढब, कशाला लाजायचं आणि कशाची फुशारकी मारायची, हे गल्लीतून येतं. राग आल्यावर काय करायचं, दिलेला शब्द कुठवर पाळायचा, असले बारीक नियम बहुधा घरातून. म्हणून चौदाची मुलगी अचानक परक्यासारखी बोलायला लागली तरी लगेच घाबरू नका. गेले ते सुटे उच्चार.

आता तुमचं घर. चेट्टींच्याच एका नकाशावरून दिसलं की मुलाच्या अगदी लगतच्या भागाची परिस्थिती ध्यानात घेतली की मैलभरावरच्या भागाने फारसा फरक पडत नाही. म्हणजे ‘अमुक भागात घर घेतलं’ याला मुलाच्या दृष्टीने अर्थ नाही. त्याची दुनिया पाचशे पावलांची असते. घर बघायला जाल तेव्हा दलालाने दिलेल्या वेळी जाऊ नका. संध्याकाळी, मुलं सुटतात त्या वेळी पायी जा, धाकट्याला पुढे ठेवा आणि त्याच्या चालीने चाला. रस्ता ओलांडायला त्याला तुमचा हात लागतो का, ते बघा. मोठ्यांशिवाय खेळणारी मुलं दिसतात का, वेगवेगळ्या वयांची आहेत का. कुणी थांबून ‘कुणाकडे आलात?’ असं विचारलं तर ते शुभचिन्ह समजा. झाडं किती, तेही बघा. डेन्मार्कमधल्या नऊ लाखांहून जास्त लोकांच्या नोंदींत, लहानपणी सगळ्यात कमी हिरवळीत वाढलेल्यांना पुढे मानसिक आजार होण्याचं प्रमाण ५५ टक्क्यांपर्यंत जास्त दिसलं होतं. हा नुसता संबंध आहे, झाड लावलं की आजार टळला असं नाही, पण दोन घरांत बाकी सगळं सारखं असेल तर मी झाडांचं घेईन.

धाकट्याच्या बाबतीत निर्णय सोपा आहे. नवी जागा वरच्या कसोट्यांवर खरोखर बरी असेल तर लवकर जा. नुसती महागडी असेल, आणि आत्ताच्या गल्लीत चार दारं त्याच्यासाठी उघडी असतील, तर माझं मत जाऊ नका असं आहे.

थोरलीचं वेगळं. चौदाव्या वर्षी घर बदलणं म्हणजे मैत्रिणी, जिथे आपली किंमत आहे ती जागा आणि मोठ्या कष्टाने कमावलेली ओळख एकदम सोडणं. सोडतीच्या त्या प्रयोगात मोठ्या मुलांना तोटा दिसला, त्याचं मला पटणारं कारण हेच: नव्या जागेची वर्षं थोडी मिळाली आणि तुटण्याचा त्रास मात्र पुरा भोगावा लागला. पण त्याच प्रयोगात आणखी एक गोष्ट दिसली होती. नव्या वस्तीत गेलेल्या किशोरवयीन मुलींची मनःस्थिती सुधारली, मुलग्यांचं वागणं मात्र जास्त धोक्याचं झालं. अभ्यासकांचा एक अंदाज असा, की जुन्या वस्तीत मुलींना छेडछाडीची जी सततची भीती होती ती गेली. म्हणून आधी तिला एकटीला विचारा, आत्ताच्या वस्तीत संध्याकाळी बाहेर पडताना तिला कसं वाटतं. आईसमोर नको, बापासमोर नको, दोघांपैकी ज्याच्याशी ती बोलते त्याने चालता चालता विचारा. उत्तर ‘काही नाही, बरं वाटतं’ असं आलं आणि खरं वाटलं, तर तिच्या शाळेचा टप्पा संपेपर्यंत शाळा तीच ठेवा, प्रवास वाढला तरी. जुन्या मैत्रिणींकडे आठवड्यातून एक दिवस जाणं ठरवून टाका, तिने मागायची वाट पाहू नका. उत्तर वेगळं आलं, तर तुमच्या वादाचा निकाल तिनेच लावला असं समजा. आणि घर बघायच्या पहिल्या फेरीलाच तिला न्या, सह्या झाल्यावर नव्हे.